बाजरी वेदीपाशी आणि पडद्यावर गहू: मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना खुलं पत्र

आदरणीय बिशप साहेब, पाळक साहेब, पाळकीणबाई, सगळी पंच मंडळी, आणि दर रविवारी लॅपटॉपवर बसणारी तरुण संघाची पोरं,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी नगर जिल्ह्यातली. इथल्याच एका मंडळीत गेली अठरा वर्षं संडे स्कूल घेते, आणि २०२० ला लॉकडाऊनमध्ये उपासना यूट्यूबवर गेली तेव्हापासून स्लाइड बनवायचं कामही बऱ्याचदा माझ्याकडेच येतं. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नाहीये, आणि हे एका मंडळीपुरतं नाहीच, नातेवाइकांकडे पुण्याला, मुंबईला, संभाजीनगरला गेले की तिथल्या उपासनेतही मी हेच बघते. मला बोलायचंय ते पडद्याबद्दल. पडदा नको असं मी म्हणत नाही, पडद्यावर काय दिसतं हे कोण ठरवतं एवढंच मला विचारायचंय.

मागच्या कापणीच्या सणाचं सांगते. तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडे त्या दिवशी वेदीपुढे काय काय येतं, डांगर, शेवग्याच्या शेंगा, अंड्यांची पाटी, कोणाची लोणच्याची बरणी, पाय बांधलेला एखादा गावरान कोंबडा जो प्रार्थनेच्या मध्येच फडफडतो आणि पोरं हसतात, आणि मग उपासना झाल्यावर लिलाव. एक आजोबा लांबच्या गावाहून एसटीने बाजरीच्या कणसांची पेंडी घेऊन आले होते. चांगली कंबरेएवढी पेंडी, कणसं भरलेली, सुतळीने दोन ठिकाणी बांधलेली. त्यांनी ती वेदीला टेकवून उभी केली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसले. पडदा खाली आला, प्रोजेक्टर लागला आणि पेंडीची सावली पडद्यावर पडायला लागली. आमच्यातला एक मुलगा पटकन उठला, पेंडी उचलली आणि पेटीच्या मागे नेऊन ठेवली. मग पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला, सोन्यासारखा पिवळा गहू, क्षितिजापर्यंत नुसता गहू, त्यात एक भलं मोठं लाल हार्वेस्टर चाललंय, वरून ड्रोनने काढलेलं, आणि त्यावर आपलं उपकारस्तुतीचं गीत.

त्या पोराची काही चूक नाही, सावली पडत होती म्हणून त्याने हलवली. स्लाइड मी केली नव्हती, पण मी केली असती तरी वेगळी झाली नसती, कारण मीही तिथूनच डाउनलोड करते, "हार्वेस्ट" टाकलं की गहूच येतो. पण आजोबा पूर्ण उपासनाभर पेटीच्या दिशेने बघत बसले होते ते मी पाहिलं, आणि ते काही डोळ्यासमोरून जात नाही. देवाने त्या माणसाला जे दिलं ते त्याने देवापुढे आणलं, आणि कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या शेताचा फोटो नीट दिसावा म्हणून आपण ते बाजूला सारलं.

पाळक साहेब, तुम्ही प्रवचनाची तयारी आठवडाभर करता. गीतं कोणती घ्यायची ते आधी ठरतं, शास्त्रवाचन कोण करणार ते ठरतं, एखाद्याने पुलपिटवरून काही चुकीचं शिकवलं तर पंच दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतात. पण दोन तास सगळी मंडळी ज्याच्याकडे टक लावून बघते ते चित्र शनिवारी रात्री अकराला कोणीतरी दमूनभागून निवडतं आणि ते रविवारी लागेपर्यंत दुसरं कोणी बघतसुद्धा नाही. चित्र काय शिकवत नाही का? लहान पोरांना तर प्रवचनातलं काहीच राहत नाही, चित्रच राहतं.

आता मला कळतंय की आपल्या मंडळ्यांमध्ये चित्र या विषयावरच कुरकूर असते. त्याला कारण आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी देव्हारा सोडला, त्यासाठी घरच्यांचं, गावाचं काय काय सोसलं, "कोरीव मूर्ती करू नको" ही आज्ञा त्यांच्यासाठी नुसती पाठांतराची नव्हती. माझी आजी घरात येशूचा फोटो लावायची पण त्याला हार घालू द्यायची नाही. कोणी घातला तर म्हणायची, हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, हा जिवंत आहे. तिला शास्त्राचा अभ्यास नव्हता पण कुठल्या घरात कुठल्या चित्राचा काय अर्थ होतो हे तिला बरोब्बर कळत होतं. मुंबईत मोत माउलीच्या जत्रेला आमचे कॅथलिक शेजारी मेणाचे हात-पाय वाहायचे तर ती त्यांना कधी नावं ठेवायची नाही, त्यांचं त्यांच्यापाशी म्हणायची, पण आपल्या घरात हार नाही.

शास्त्रातही दोन्ही आहे ना. ज्याला ही आज्ञा मिळाली त्याच मोशेला देवाने पितळी सर्प करून काठीवर लावायला सांगितला, गणना २१ मध्ये, आणि बघणारे वाचले. मग तोच सर्प, पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले म्हणून हिज्कीया राजाने फोडून टाकला, २ राजे १८. करायला सांगणाराही देवच आणि जो फोडला त्यालाही शास्त्र बरोबरच म्हणतं. म्हणजे प्रश्न पितळेचा नव्हताच, लोक त्याचं काय करतात हा होता. सन ६०० च्या सुमाराला मार्सेच्या बिशपने चर्चमधली चित्रं फोडली तेव्हा पोप ग्रेगरीने त्याला पत्र लिहून हेच समजावलं, की लोक चित्रांची पूजा करत असतील तर ती थांबव, पण चित्रं फोडू नको, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती भिंतच पुस्तक आहे. चौदाशे वर्षं झाली त्याला. आपण चित्र ठेवावं की नाही यावर अजून भांडतोय, आणि त्या भांडणात चित्र कुठलं ठेवायचं हे विचारायचं राहूनच गेलं.

कारण पडद्यावरचा येशू कोण आहे ते बघा जरा. लांब तपकिरी केस, गोरा, उजेड एका बाजूने पडलेला, तो चेहरा तुमच्याही घरच्या कॅलेंडरवर असेल. १९४० मध्ये शिकागोच्या वॉर्नर सॉलमन नावाच्या चित्रकाराने तो काढला, पन्नास कोटींहून जास्त प्रती निघाल्या म्हणतात. त्याने मनापासून काढला असणार, त्याच्या लोकांसाठी काढला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो आपल्याकडे आला आणि इतका पक्का बसला की आता मोबाइलवरच्या एआयला येशू काढ म्हटलं तर तो त्याच्याहून गोरा आणि निळ्या डोळ्यांचा येशू काढून देतो आणि आपण तो नाताळच्या बॅनरवर छापतो. येशू यहुदी होता, गालीलच्या उन्हात पायी फिरणारा सुतार होता. ते डोळे कुठून आणले आपण?

आणि आपल्याकडे दुसरं काही नव्हतं असं अजिबात नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. अँजेलो द फोन्सेका हे नाव किती मंडळ्यांमध्ये माहितीये? १९०२ साली गोव्यात जन्मले, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले, आणि परत येऊन त्यांनी मरिया काढली ती साडीतली, सावळी, आपल्या घरातल्या बाईसारखी. पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात ते चाललं नाही, टीका झाली, आणि ते आले कुठे तर पुण्याला, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. तिथे राहून त्यांनी चित्रं काढली, १९६७ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची खूप चित्रं आज गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवलीयत. नगरहून एसटीने आम्ही इतकी वर्षं शिवाजीनगरलाच उतरायचो हो, हाकेच्या अंतरावर हे सगळं घडून गेलं होतं आणि मला ते कळायला चाळिशी उलटावी लागली, तेही एका गोव्याच्या मैत्रिणीने मोबाइलवर चित्र पाठवलं म्हणून. मी ते चित्र संडे स्कूलमध्ये दाखवलं तर एक मुलगी म्हणाली, बाई ही तर माझ्या मावशीसारखी दिसती. पुढचा अर्धा तास पोरांनी मरियाबद्दल जेवढे प्रश्न विचारले तेवढे अठरा वर्षांत विचारले नव्हते.

शब्दांत आपण हे केव्हाच केलंय ना! रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं, अभंग लिहिले, आणि त्यांच्याही आधी नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, टाळ-मृदंग घेऊन, उभं राहून, गोष्ट सांगत. त्यांनाही लोक बोलले असतील, पण आज उपासना संगीत उघडलं की टिळकांची गीतं आपण डोळे मिटून म्हणतो आणि त्यात कोणाला काही परकं वाटत नाही. कानाने ऐकलेला ख्रिस्त मराठी झाला, डोळ्याने बघायचा ख्रिस्त मात्र आपण तसाच पार्सलने आलेला ठेवला.

फाळक्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीय, पण ख्रिस्ती माणसाने ती परत एकदा वाचायला हवी असं मला वाटतं. १९१०-११ च्या सुमाराला मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनात राम आणि कृष्ण दिसायला लागले असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यातून १९१३ चा राजा हरिश्चंद्र आला. म्हणजे या देशातला सिनेमाच मुळात एका माणसाने ख्रिस्ताचं चित्र बघून "आमचं कधी दिसणार" असं विचारलं त्यातून उभा राहिला. आणि ज्यांचा ख्रिस्त त्या पडद्यावर होता त्या आपण शंभर वर्षांत हा प्रश्न विचारलाच नाही. दयासागर आपण गावोगाव दाखवला, चादर बांधून, मी लहानपणी धुळीत बसून बघितलाय, तो मूळ तेलुगू सिनेमा होता, १९७८ चा, त्यातला येशू आपल्या बाजूचा वाटायचा म्हणून बायाबापड्या ढसाढसा रडायच्या. १९७९ चा तो इंग्रजी जीझस सिनेमा मराठीत डब होऊन आला तेव्हाही लोक आले, पण रडणं तसं नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय.

बाहेरच्या मंडळ्यांनी काय काय केलंय बघा. कॅमेरूनच्या उत्तरेला माफा नावाचे लोक आहेत, तिथे १९७० च्या दशकात गावकऱ्यांनी शुभवर्तमानातले प्रसंग स्वतः करून दाखवले, कोण येशू झाला, कोण पेत्र, त्यांचे फोटो काढले आणि त्यावरून फ्रान्सच्या चित्रकारांनी चित्रं काढली, आता ती जगभर वापरतात. रंगवणारे बाहेरचे होते पण कोण कसा बसेल, भांडं कुठे ठेवेल, हात कसा जोडेल हे गावाने ठरवलं. जपानमध्ये सादाओ वातानाबे नावाचे चित्रकार होते, कापडाच्या छपाईची जुनी पद्धत वापरून कागदावर चित्रं छापायचे, त्यांच्या शेवटच्या भोजनात शिष्य किमोनो घालून बसलेत आणि पानात मासा आहे. आपल्या नगरच्या पोरांना ते चित्र दाखवलं तर ती आधी हसली, मग एकाने विचारलं, मग आपल्यात काय असतं, भाकरी? मी म्हटलं हो, भाकरीच असती.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती सांगते, बाकी सगळं त्याच्यापुढे मागे आहे. संडे स्कूलमध्ये आपण रंगांचं पुस्तक वापरतो, त्यात अक्षर नसतं, नुसती पानं, काळं म्हणजे पाप, लाल म्हणजे रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं हृदय. १८६६ मध्ये लंडनच्या स्पर्जन नावाच्या प्रवचनकार साहेबांनी ते काढलं, तेव्हा तीनच रंग होते, सोनेरी नंतर अमेरिकेच्या मूडी नावाच्या प्रवचनकाराने घातला. मी स्वतः त्याच्यावरूनच तारण शिकले. आता तेच प्रोजेक्टरवर आलंय, काळं मोठ्ठं हृदय पूर्ण पडदाभर. दोन वर्षांपूर्वी मी ते दाखवत होते, नेहमीसारखं विचारलं, काळा रंग म्हणजे काय, सगळे ओरडले पाप, पांढरा म्हणजे काय, स्वच्छ. पुढच्या ओळीत एक सहा-सात वर्षांची मुलगी होती, रंगाने चांगली काळी, शाळेत तिला काय काय चिडवतात ते मला तिच्या आईकडून माहीत होतं. तिने पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि दोन्ही हात फ्रॉकखाली घेऊन बसली. काही बोलली नाही. मी पुढची स्लाइड लावू शकले नाही. गीतरत्नातली वधू काळीसावळी आहे आणि सुंदर आहे, १:५ मध्येच आहे, हे मी तिला पुढच्या रविवारी वाचून दाखवलं, पण एका आठवड्याने वाचून दाखवलेल्या वचनाने पडदाभर बघितलेलं पुसलं जातं का, मला नाही वाटत. लंडनच्या पोरांना काळं म्हणजे कोळसा, काजळी वाटली असेल, आपल्याकडे काळं म्हणजे काय काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, लग्नं मोडतात त्याच्यावर. मी ते पुस्तक तेव्हापासून बंद केलंय. पाप शिकवायला मी आता मळका, चिखलाचा रुमाल दाखवते आणि सगळ्यांसमोर धुते, पाणी गढूळ होतं ते पोरांना नीट कळतं.

तसंच मेंढराचं. उत्तम मेंढपाळ म्हटलं की पडद्यावर हिरवंगार कुरण आणि कापसासारखी पांढरी मेंढरं. आपल्या रस्त्यावरून दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट तांडे, जातात, मेंढरं बहुतेक काळी, दख्खनी, पुढे कुत्रं, तट्टावर सगळा संसार आणि त्यावरच बांधलेली नुकती जन्मलेली कोकरं, कारण त्यांना चालवत नाही. यशया म्हणतो तो आपल्या कोकरांना उराशी धरून वाहील, ते वचन अक्षरशः आपल्या नगर-दौंड रस्त्यावरून चालत जातं आणि आपण न्यूझीलंडचा फोटो शोधतो. कोणीतरी मोबाइल काढून, त्या धनगराला विचारून, एक फोटो काढायचाय फक्त.

उत्तम शुक्रवारचंही बोलायलाच हवं. सिनेमातले फटक्यांचे, खिळ्यांचे तुकडे कापून वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांच्या मधेमधे लावायचे हे आता बऱ्याच ठिकाणी चाललंय. दुखवून रडवणं सोपं असतं. माझ्या वर्गातली दोन मुलं त्यानंतर चर्चमध्ये यायला घाबरत होती, एकाची आई सांगत होती रात्री उठून बसतो. शुभवर्तमानात वधस्तंभावर खिळण्याला चारही लेखकांनी जेमतेम एकेक वाक्य दिलंय, त्यांना जेवढं पुरलं तेवढं आपल्याला का पुरत नाही?

आणि गीतं. आमच्याकडे एक आजी आहेत, लिहिता-वाचता येत नाही, उपासना संगीतातली शेकडो गीतं तोंडपाठ. पडदा आल्यापासून आपण गीताची तीनच कडवी टाकतो, वेळ वाचतो म्हणून. एका रविवारी तिसरं कडवं संपलं, पडद्यावर पुढची स्लाइड आली, पेटी थांबली, आणि आजी चौथ्या कडव्यात होत्या, एकट्या, पूर्ण चर्चमध्ये त्यांचाच आवाज, मग त्यांना कळलं आणि त्या गप्प झाल्या. आता त्या पदर तोंडाला लावून गुणगुणतात, मोठ्याने म्हणत नाहीत. ग्रेगरी म्हणाला होता चित्र न वाचता येणाऱ्यांसाठी आहे, आणि आपला पडदा नेमका त्यांनाच गप्प करतोय, हलत्या धबधब्यावर बारीक अक्षरं, ज्यांना वाचता येतं त्यांनाही चष्मा पुरत नाही.

मग माझं मागणं काय? फार नाही. पाळक साहेबांनी शनिवारी गीतांची यादी बघताना स्लाइडही बघाव्यात, पाच मिनिटं लागतात, आणि हे चित्र आपल्या माणसाला काय सांगेल एवढं एकदा कोणाला तरी, शक्यतो एखाद्या म्हाताऱ्या माणसाला आणि एखाद्या लहान पोराला विचारावं. गीत पूर्ण घ्यावं किंवा घेऊच नये, आणि गीतामागे साधा गडद रंग, मोठी अक्षरं, बास. गीताचा नंबर तोंडाने सांगावा म्हणजे पुस्तकवाल्यांनाही सापडेल. प्रभुभोजनाच्या वेळी पडदा वर घ्यावा, भाकर आणि प्याला समोर असताना त्यांचा फोटो कशाला. रंगांचं पुस्तक संडे स्कूलमधून काढावं, किंवा निदान काळं पान तरी. फोन्सेकांच्या चित्रांसाठी पर्वरीला रीतसर पत्र लिहून परवानगी मागावी, एखाद्या सिनॉडने किंवा डायोसिसने मागितली तर एका मंडळीने मागण्यापेक्षा बरं पडेल. आणि ज्यांना चित्रच नको वाटतं त्यांच्या मनाचाही मान ठेवावा, महिन्यातला एक रविवार पडद्याशिवाय घ्यावा, कोणाचं काही बिघडत नाही.

तरुण संघाच्या पोरांनो, तुम्हाला वेगळं सांगते, तुमच्यावर माझा राग नाही, तुम्ही नसता तर लॉकडाऊनमध्ये उपासना झालीच नसती. तुमच्या मोबाइलचे कॅमेरे चांगले आहेत. विहिरीवरची बाई, पेरणी, खुरपणी, जाळं विणणारा कोळी, चुलीवरची भाकर, पहाटेचा वाडा, हे सगळं तुम्ही एका महिन्यात जमवू शकता, फक्त ज्याचा फोटो काढाल त्याला आधी विचारा आणि काढल्यावर त्याला दाखवा.

मी सुरुवात केलीय. त्या आजोबांच्या गावी जाऊन आले परवा. बाजरीच्या कणसात दाणा भरत आलाय, राखणीला त्यांची नात मचाणावर बसलेली होती गोफण घेऊन, तिने हसून फोटो काढू दिला. आजोबांनाही सांगून आलेय, यंदा पेंडी आणाच, प्रोजेक्टर आम्ही सरकवतो. कापणीच्या सणाला अजून वेळ आहे, त्याआधी पंचांच्या मीटिंगमध्ये मला दहा मिनिटं दिलीत तर पेनड्राइव्ह घेऊन येते.

आपल्या मंडळीतली,
संडे स्कूलची बाई